घरचा अल्टरनेटर

भाई तोडणकरला लग्नाला बोलावलं तर तो आधी नवरा-नवरीकडे न जाता वऱ्हाडाच्या गाड्यांकडे जायचा. साळवी स्टॉपजवळच्या एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकं चालू असताना नवऱ्यामुलाच्या सजवलेल्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि झेंडूच्या माळांमधून फक्त भाईची पाठ दिसत होती. नवऱ्याचा मामा हातातल्या अक्षता तशाच मुठीत घेऊन धावत आला.

"अहो, काय चाललंय काय?"

"गाडी कुनाची?" भाईनं डोकं वर न काढता विचारलं.

"माझी. का?"

"अल्टरनेटर घरचा नाय तुमचा. पावणा हाय."

"मी गाडी घेतल्यापासून तोच आहे हो!"

"मंग तुमाला पावण्यासकट दिली," असं म्हणून भाईनं बॉनेट लावलं, माळा नीट केल्या आणि जेवणाच्या पंगतीकडे गेला. मामांचं मात्र जेवणात लक्ष लागलं नाही. मठ्ठा पिताना ते सारखे गाडीकडे बघत होते.

ज्यांना गाडीतलं कळत नाही, म्हणजे जे माझ्यासारखे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या कुशीत पट्ट्यावर फिरणारा नारळाएवढा गोळा. तो वीज तयार करतो आणि बॅटरी भरत ठेवतो. आमच्या रत्नागिरीत तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, जुन्या गाड्यांना बहुतेक डायनॅमोच असायचे. अल्टरनेटरवाल्या गाड्या मोजक्या, आणि त्या सगळ्यांची कुळकथा भाईला तोंडपाठ. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला तो 'घरचा', आणि मागून कुणीतरी आणून बसवला तो 'पावणा'. माणसांचीही तो अशीच ओळख ठेवायचा. "ते वकील? हां, डाव्या अंगाच्या पावण्याचे." वकिलांचं नाव त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

मारुती मंदिराच्या पुढे चिऱ्याच्या दोन भिंती आणि वर पत्रा, एवढं त्याचं दुकान. वय चाळिशीच्या आत-बाहेर, लग्न केलेलं नाही, हात कोपरापर्यंत काळे. गाडी आली की पहिलं काम गिऱ्हाइकाला गप्प करणं. "गप ऱ्हा. तो बोलतोय." हे त्यानं एकदा खुद्द कलेक्टर कचेरीतल्या एका बड्या साहेबाला सुनावलं होतं, आणि साहेब पंधरा मिनिटं तोंडावर बोट ठेवून उभे होते.

मग तपासणी. किल्ली फिरवून समोरच्या फळीवरचा लाल दिवा लागतो का बघायचं. इंजिन चालू न करताच अल्टरनेटरच्या पाठीला पाना लावायचा. पाना चिकटला म्हणजे आत लोहचुंबक जागा आहे. "जीव हाय," भाई म्हणायचा. मग इंजिन चालू. लाल दिवा विझला तर ठीक, मिणमिणत राहिला तर भाईच्या कपाळाला आठी. आजार कळला की शेवटी ओळखपरेड. रॉकेलच्या फडक्यानं अंग पुसून, भिंग लावून, अंगावर ठोकलेले बारीक आकडे वाचायचे.

"गाडीपेक्षा अल्टरनेटर मोठा असला पायजे," हा त्याचा सिद्धांत. "म्हयना, दोन म्हयने. आधी तो जन्मतो, मंग गाडी. गाडीपेक्षा ल्हान निघाला, की समजायचं, मागून आला." आकड्यांवर त्याचा विश्वास होता, पण बोल्टावरचा रंग, धरणाऱ्या पट्टीची झीज, तारांचे रंग, असे सात-आठ साक्षीदार तपासल्याशिवाय तो निकाल द्यायचा नाही. निकाल दिला की तो फिरवायचा नाही.

लांज्याच्या एका काजूवाल्याला संशय आला, की आपल्या जीपचा अल्टरनेटर कुणी मेकॅनिकनं बदलला. त्यानं काय करावं? ग्रामदेवाला कौल लावला. गुरवानं देवाला फुलं चिकटवली, उजवं पडलं, देव म्हणाला मूळचाच आहे. तरी मनाची खात्री होईना म्हणून जीप घेऊन भाईकडे आला. भाईनं भिंग लावलं आणि म्हणाला, "पावणा."

"अरे, पण देवानं उजवा दिला!"

"देवाला कशाला मधे घातलात? तुमच्या देवळात लाईटच परवा आली. देवाला ह्यातलं काय म्हायती?"

काजूवाला चिडून गेला आणि महिन्याभरानं एक किलो काजूगर घेऊन परत आला. ज्यानं बदलला होता त्या मेकॅनिकनं स्वतःच कबूल केलं होतं.

माझी आणि भाईची ओळख इंग्रजीमुळे झाली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. विद्युत हा तर माझा आवडता धडा. पण माझ्याकडे स्कूटर, आणि स्कूटरला अल्टरनेटर नाही, नुसता मॅग्नेटो, म्हणून भाईच्या हिशेबी मी अर्धाच माणूस. "मास्तर, तुमची वीज पुस्तकातली. ती झटका देत नाय," असं तो माझ्या विद्यार्थ्यांसमोरसुद्धा म्हणायचा. इंग्रजी पत्र लिहायचं असलं की मात्र गोड बोलायचा. ही पत्रं नेहमी एकाच गोष्टीसाठी: एका विलायती अल्टरनेटरचे सहा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे बटणाएवढे तुकडे. ते मुंबईत नव्हते, मद्रासला नव्हते. मी कुठकुठल्या दुकानांना लिहिलं त्याची गणती नाही. शेवटी राजिवड्याच्या एका खलाशानं ते सिंगापूरहून बनियनच्या घडीत घालून आणले. तेव्हा भाईनं मला मिठी मारली. माझा पांढरा शर्ट तेव्हापासून घरात फडकं म्हणून वापरात आहे. कुठल्या गाडीचे डायोड, हे मी विचारलं होतं. "हाय एक," एवढंच उत्तर.

भाईच्या आठवड्यात एक नेम होता. रविवारी सकाळी नऊ वाजता तो मांडवीला चीफसाहेबांच्या घरी जायचा. चीफसाहेब म्हणजे व्यापारी बोटीवरचे चीफ इंजिनिअर. त्यांनी हौसेनं परदेशातून एक निळी विलायती गाडी आणली होती, आणि आमच्या गावात तिच्याइतकी देखणी गाडी दुसरी नव्हती. भाई तिचं इंजिन दहा मिनिटं चालवायचा, बॅटरीचं पाणी बघायचा, पट्टा दाबून बघायचा. चीफसाहेब रजेवर असले किंवा पुढे निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा ओटीवरच्या आरामखुर्चीतून हमखास विचारायचे, "काय शांताराम, घरचा काय म्हणतो?" भाईचं खरं नाव शांताराम. तो खाली मान घालून म्हणायचा, "बरा हाय, साहेब." चीफसाहेब वारले, तरी त्यानंतरची तीन वर्षं भाईचा रविवार चुकला नाही. काकी, म्हणजे चीफसाहेबांच्या पत्नी, ओटीवर चहा आणून द्यायच्या, तो प्यायचा आणि यायचा.

आणि एका उन्हाळ्यात काकींनी गाडी द्यायचं ठरवलं. मांडवीचा खारा वारा पत्रा खात होता. चालवणारं कुणी नव्हतं. उभी गाडी कुजते असं चीफ म्हणायचे, तेव्हा जो फिरवील त्याच्याकडे जाऊ दे, असा काकींचा विचार. पुण्याचे एक डॉक्टर तयार झाले. जुन्या गाड्यांचा त्यांना भारी शौक, पण अट एकच: गाडीतला भाग न् भाग मूळचा हवा. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या गावात तोडणकर म्हणून एक आहेत असं ऐकतो. त्यांनी अल्टरनेटर पाहून हो म्हटलं, तर मला दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही.' पत्र काकींनी मला दाखवलं आणि मी ते मिरवत भाईच्या दुकानात वाचून दाखवलं. पुण्यापर्यंत कीर्ती गेली म्हणून भाई चहा पाजेल अशी माझी अपेक्षा. भाई पाना हातात धरून नुसता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात. "मास्तर, स्कूटर काडा. गावाला जायचाय. देवळात."

देवाला ह्यातलं काय म्हायती म्हणणारा हा माणूस कौल लावायला निघालेला बघून मी इतका चकित झालो की मुकाट्यानं स्कूटर काढली. देवळात गर्दी होती. एकाची म्हैस आटली होती, एकाच्या मुलीला स्थळ आलं होतं. भाईची पाळी आली. गुरवानं फुलं भिजवली आणि विचारलं, "बोल, काय गाऱ्हाणं घालू?"

"मनात हाय," भाई म्हणाला.

"मनातलं देवाला कळंल रे. पन मला नको कळाया? उजवा कशाला नि डावा कशाला, ह्ये तोंडानं सांगाया लागतं."

भाईनं मागे बघितलं. मागे आठ-दहा माणसं, त्यातले दोघे टॅक्सीवाले, त्याचीच गिऱ्हाइकं. त्यानं देवापुढे नारळ ठेवला, नमस्कार केला आणि काहीच न विचारता बाहेर आला. परतताना ओढ्यावरच्या एका मोरीवर त्यानं मला स्कूटर थांबवायला लावली आणि मोरीच्या कठड्यावर बसून सगळं सांगितलं.

चौदा वर्षांपूर्वी चीफसाहेब बोटीवर असताना गाडीची बॅटरी उतरली. काकींनी निरोप धाडला. भाई तेव्हा मुंबईच्या एका गॅरेजात शिकून नुकता परतलेला, तेविशीचा. त्यानं बॅटरी चार्ज करून आणली आणि बसवली. "आपल्याकडं त्या वेळी ज्या विलायती गाड्या व्हत्या मास्तर, त्या समद्यांची ब्याटरीची प्लस तार बॉडीला. हाताला तीच सवय. ही गाडी नवी, हिची उलटी. मी न बगता लावली. बारका धूर आला. एवडासा." त्यानं करंगळीचं पेर दाखवलं.

अल्टरनेटरच्या पोटातले डायोड जळले होते. उलटी बॅटरी लावली तर असं होतं, हे मी दर वर्षी आकृती काढून शिकवतो. पण मला तेव्हा त्याला शिकवावंसं वाटलं नाही.

पोरगा घाबरला. काकींना म्हणाला, सफाईला नेतो. एस.टी. पकडून मुंबईला गेला आणि तीन दिवस भंगारबाजार धुंडाळून तसाच दुसरा आणला. दिसायला अगदी तोच, पण गाडीपेक्षा वर्षानं लहान. चीफसाहेब रजेवर यायच्या आत बसवून मोकळा झाला, आणि रविवारचा नेम तेव्हापासूनच लागला. रत्नागिरीतला पहिला पावणा त्यानंच आणला होता.

"आनि घरचा?" मी विचारलं. नकळत मीही त्याचीच भाषा बोलायला लागलो होतो.

"दुकानात हाय. पेटीत. तुमी ते डायोड मागवलेत ना, ते त्याचेच. चार वर्सं झाली, ठनठनीत हाय."

"अरे मग बसवला का नाहीस?"

"चीफ ओटीवर बसलेले असायचे. त्यांच्यासमोर कसा काडू? नि ते गेल्यावर बसवला असता, तर ज्याला सांगायचं तोच नाय."

मी मुलांना वर्षभर खरं बोलावं म्हणून सांगणारा मास्तर. मी त्याला काय सल्ला दिला, तो सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, भाई, सोपं आहे. शनिवारी गुपचूप जा, पावणा काढ, घरचा बसव. रविवारी डॉक्टर आले की छातीठोक सांग, घरचा आहे. खोटं एक अक्षर बोलायला लागणार नाही, आणि तुझं नाव शाबूत. चौदा वर्षं ज्याच्या शब्दावर जिल्हा चालला, त्यानं स्वतःच बदलाबदली केली होती, हे कळलं तर उद्या तुझ्या दारात गाडी कोण लावील?

भाईनं एक खडा उचलून मोरीखालच्या सुक्या दगडांवर टाकला. मग म्हणाला, "मंग अल्टरनेटर घरचा बसंल, मास्तर. पन मी पावणाच ऱ्हाईन."

मी स्कूटरला किक मारली.

रविवारी नऊ वाजता डॉक्टर आले. गोरेपान, मऊ बोलणारे गृहस्थ. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांचे डोळे ओले व्हायचेच बाकी होते. काकी ओटीच्या पायरीवर उभ्या. मी उगाच हजर. भाई इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्याच्या काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक जड गाठोडं होतं.

त्यानं बॉनेट उघडलं. पाना लावला. इंजिन चालू केलं, लाल दिवा विझलेला दाखवला. इंजिन बंद केलं. फडक्यानं आकडे पुसले, पण भिंग काढलं नाही.

"चांगला चालतोय," डॉक्टर हसून म्हणाले. "मूळचाच ना?"

"नाय. पावणा हाय."

"म्हणजे?"

"मागून बसवलेला."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "कुणी बसवला?"

"मी," भाई म्हणाला, आणि मग त्यानं डॉक्टरांकडे पाठ करून, ओटीकडे तोंड करून, मोरीवर मला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. बॅटरी, धूर, मुंबई, सगळं. आवाज चढला नाही, अडखळला मात्र दोनदा. शेवटी गाठोडं सोडून त्यानं गाडीचा खरा अल्टरनेटर पायरीवर काकींच्या पायांशी ठेवला. तो इतका पुसलेला होता की त्यात आभाळ दिसत होतं.

"काकी, चीफना सांगायचं ऱ्हाऊन गेलं," तो म्हणाला.

काकी त्या गोळ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं रे मेल्या."

काकी पायरीवर त्या गोळ्याशेजारी बसल्या.

"जन्म गेला त्यांचा बोटीच्या इंजिनांत. त्या खेपेला घरी आले, हातपाय धुवायच्या आधी बॉनेट उघडलं, आणि दोन मिनिटांत मला हाक मारली. म्हणाले, हा आपला नव्हे. मी म्हटलं, मग त्या शांत्याला बोलावून चांगला झाडा. तर म्हणाले, झाडला तर पोर शरमेनं पुन्हा या दारात येणार नाही. मी दहा-दहा महिने समुद्रावर, लेक लग्न होऊन गेली, तू इथे एकटी. दर रविवारी कुणीतरी येतंय, तुझ्याशी चार शब्द बोलतंय. अल्टरनेटरचं काय, येऊ दे त्याला."

"आनि ते इचारायचे... घरचा काय म्हणतो..."

"मुद्दाम! तू 'बरा हाय' म्हणालास की आत येऊन पोट धरून हसायचे. मी सांगायचे, पुरे आता, त्याला सांगून टाका. तर म्हणायचे, त्याचं त्याला सांगू दे, तो सांगेल." काकी थांबल्या. "जरा उशीर केलास, एवढंच."

भाई चाकाला टेकून खाली बसला आणि रडला. लपवून नाही, सरळ. डॉक्टर दुसरीकडे बघायला लागले आणि मीही. मला त्या क्षणी त्या मेलेल्या माणसाचा फार हेवा वाटला. आपल्या वर्गातल्या एखाद्या पोराची चूक मी चौदा मिनिटंसुद्धा पोटात ठेवू शकलो नसतो.

मग भाईनं डोळे पुसले, काळा डाग गालावर घेतला आणि पाना उचलला. पाऊण तासात पावणा बाहेर आला आणि घरचा आपल्या जागी बसला. बॅटरीची तार लावताना त्यानं तीनदा तपासली, चौथ्यांदा मला तपासायला लावली. किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन चालू झालं, दिवा विझला. "गप ऱ्हावा," तो आम्हा तिघांना म्हणाला. आम्ही तिघंही ऐकत उभे राहिलो. मला इंजिनाच्या आवाजापलीकडे काही ऐकू आलं नाही, पण भाईचा चेहरा बघून सगळं ठीक आहे हे कळलं.

डॉक्टरांनी गाडी नेली. जाताना ते भाईला म्हणाले, "तोडणकर, माझ्याकडे अजून दोन गाड्या आहेत. आणून दाखवीन." भाईच्या दारात गाडी कोण लावील ही माझी काळजी तिथेच संपली. गोष्ट गावात पसरलीच, मीच पसरवली. पुढच्याच आठवड्यात देवळातल्या त्या दोन टॅक्सीवाल्यांपैकी एक येऊन म्हणाला, "स्वतःचं सांगितलंस, तर माझं पन खरंच सांगशील. बघ जरा."

पण भाईची मोठी काळजी ती नव्हतीच. शनिवारी दुकान बंद करताना तो मला म्हणाला, "उद्या ऐतवार." मी म्हटलं, हो. "उद्या काय काम नाय," तो म्हणाला आणि उगाच कुलूप ओढून बघितलं.

त्या रविवारी मी मासे आणायला मांडवीकडे गेलो होतो. परतताना पाहिलं, तर काकींच्या फाटकाशी भाई उभा. हत्यारांची पिशवी नाही, काही नाही. आत गाडीची शेड रिकामी. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. एकदा खिशात घालायचा, एकदा मागे बांधायचा. मला बघून तो निघायच्या बेतात होता, तेवढ्यात काकी ओटीवर आल्या.

"गाडी नाही म्हणून फाटकातच उभा राहणार काय रे?"

"नाय, असाच आलेलो."

"चौदा वर्षं ओटीवर चहा घेतलास. आत ये म्हटलं की म्हणायचास, काकी, हात काळे आहेत. आज बघू हात."

भाईनं दोन्ही हात पुढे केले. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते कोपरापर्यंत स्वच्छ बघितले. घासून घासून कातडी लाल झाली होती.

"मग आत जा आणि पानं मांड," काकी म्हणाल्या. "दोन."

भाईनं चपला फाटकाबाहेरच काढल्या आणि तापलेल्या अंगणातून अनवाणी चालत घरात गेला.